प्रार्थनाघराची भिंत

बडोद्याला शिकायला आले तेव्हा मला जी खोली मिळाली तिच्यात फळा होता. भिंतीतच बसवलेला, काळ्या दगडाचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चार खाटा, चार लोखंडी पेट्या, उंच छतावरून लांब दांडीने लोंबणारा एक पंखा आणि समोर हा फळा. त्याच्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगाने आखलेली एक चौकट होती. त्यात वर्ग, वार आणि हजेरी लिहायची जागा. आम्ही चौघीजणी गंमत म्हणून रोज सकाळी तिथे हजेरी लिहायचो. सगळ्या असलो की चार, कुणी गावी गेली की तीन. ती मुलींची कॉन्व्हेंट शाळा शहराबाहेरच्या नव्या इमारतीत जाऊन काही वर्षं झाली होती. जुन्या इमारतीत मागे राहिलेल्या तीन सिस्टरनी वर्गांमध्ये खाटा टाकून बाहेरगावच्या मुलींसाठी वसतिगृह चालवलं होतं. रावपुऱ्याच्या मागच्या अंगाला, स्कूटर आणि रिक्षांच्या गोंगाटापासून दोन वळणं आत, पण दुपारी वाऱ्याची दिशा बदलली की हॉर्न ऐकू यायचेच.

मी सोनगडची. आमचे पूर्वज गायकवाडी फौजेत होते असं घरात सांगत, आणि त्यानंतरच्या पिढ्यांबद्दल फारसं काही सांगत नसत. आबा, म्हणजे माझे वडील, लाकडाच्या वखारीत ओंडके मोजायचे. सातवी झालेले. ओंडका आतून पोकळ आहे की भरीव, हे ते बोटांच्या पेरांनी ठोकून सांगत, आणि त्यांचं कधी चुकलेलं मी ऐकलं नाही. माझ्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी सिस्टर ब्रिजिदांना पत्र लिहिलं, की मुलगी हुशार आहे, इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आहे, शहरात तिचं कुणी नाही. उत्तर आठ दिवसांत आलं. त्यात एकच ओळ होती: मुलीला पाठवा. मी जी काही झाले त्याच्या मुळाशी ती ओळ आहे. म्हणूनच पुढे जे घडलं ते लिहायला मला इतकी वर्षं लागली.

आधी सिमेंटबद्दल सांगायला हवं. माझ्या लहानपणी सिमेंट परवान्यावर मिळायचं. आमचं घर मातीचं. आबांनी मामलतदार कचेरीत अर्ज केला आणि पुढची दीड-दोन वर्षं आमच्या घरात "सिमेंट आलं की" या शब्दांनी अनेक वाक्यं सुरू होत. सिमेंट आलं की न्हाणी बांधू. सिमेंट आलं की ओटा उंच करू. शेवटी गोण्या आल्या तेव्हा आईने त्यांना हळदकुंकू वाहिलं. त्यातून एक न्हाणी आणि स्वयंपाकाचा ओटा झाला. शेजारच्या बायका येऊन ओट्यावरून हात फिरवून गेल्या. त्यानंतर पावसात घराच्या बाकीच्या भिंती दरवर्षीप्रमाणे फुगल्या, खचल्या, लिंपाव्या लागल्या. न्हाणीला काही झालं नाही. जगातली भक्कम वस्तू कोणती असं मला कुणी विचारलं असतं तर मी आमच्या न्हाणीकडे बोट दाखवलं असतं.

बडोद्यात आले तोवर परवाने संपले होते. रस्त्याकडेच्या भिंतींवर सिमेंटच्या जाहिराती रंगवलेल्या दिसत, हत्तीएवढ्या अक्षरांत. सकाळी मकरपुऱ्याकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बसेस कोपऱ्यावर थांबत, नवे कारखाने, नवे फ्लॅट, एस.टी.डी.ची पिवळी दुकानं. सगळं शहर ओल्या सिमेंटच्या वासाचं झालं होतं. मला तो वास फार आवडायचा. आजही आवडतो, हे कबूल करते.

आमची इमारत मात्र चुन्याची होती. वीटकाम चुन्यातलं, गिलावा चुन्याचा, भिंती दोन हात जाड. वर सागाच्या तुळया, त्यावर मंगलोरी कौलं. दोन्ही बाजूंना टोकदार कमानींचे व्हरांडे, त्यामुळे वर्गात थेट ऊन कधी येत नसे आणि मे महिन्यातही दुपारी फरशीवर आडवं झालं की पाठ गार पडायची. जिन्याच्या लाकडी पायऱ्या मधोमध खोलगट झाल्या होत्या. पूर्वेच्या टोकाला प्रार्थनाघर, त्याच्या झरोक्यांना निळ्या-पिवळ्या काचा. सकाळी नाश्त्याच्या वेळी त्या काचांचे रंग व्हरांड्यापर्यंत पोचत, आणि माझी खोलीमैत्रीण हेमल त्यातल्या पिवळ्या तुकड्यात पाय ठेवून बसायची. स्वयंपाकघर रतनबेनच्या ताब्यात. गुरुवारी दाळढोकळी, शनिवारी खिचडी-कढी, आणि नाताळच्या आठवड्यात सिस्टर स्वतः पदर खोचल्यासारख्या बाह्या वर करून कलकल नावाचा गोड पदार्थ करायला बसत. पिठाची गोळी नव्या कोऱ्या कंगव्यावर दाबून गुंडाळायची म्हणजे तिच्यावर रेघा उमटतात, मग तळून साखरेच्या पाकात टाकायची. दरवर्षी रतनबेन विचारायच्या, "सिस्टर, कंगवा नवोज छे ने?" आणि दरवर्षी सिस्टर म्हणायच्या, "नाही, तुझाच घेतला."

सिस्टर ब्रिजिदा वसईच्या. तिथल्या मराठीत बोलायच्या, आम्हा मुलींना "बाय" म्हणायच्या. या शाळेत त्यांची तीस वर्षं गेली होती, आणि इमारतीचा इतिहास त्यांच्याकडून तुकड्या-तुकड्यांत कळायचा. कधी लसूण सोलताना, कधी पडदे शिवताना. समोरचा पोर्च इतका खोल आणि दोन्ही बाजूंनी बंद का, हे मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "संस्थानाच्या काळात सरदारांच्या मुली पडद्याच्या शिग्राममधून येत. घोडागाडी सगळीच्या सगळी आत घ्यायची, मग दार उघडायचं. मुलगी उतरताना रस्त्यावरून कुणाला दिसायला नको, या अटीवर पालकांनी मुली पाठवल्या. मग बांधणाऱ्याने तसा पोर्च बांधला." खिडक्याही त्याच अटीवर बांधलेल्या. त्या पुरुषभर उंचीवर सुरू होत. उजेड यायचा, वारा यायचा, पण बाकावर बसलेल्या मुलीला आभाळाशिवाय काही दिसायचं नाही. पुढे कुणा एका सिस्टरने प्रत्येक वर्गात खिडक्यांखाली भिंतीला लागून लांबलचक लाकडी पायरी बसवून घेतली. मधल्या सुटीत मुली त्या पायरीवर ओळीने उभ्या राहून रस्ता बघायच्या. आमच्या खोलीतही ती पायरी होती. आम्ही तिच्यावर पुस्तकं ठेवायचो आणि संध्याकाळी उभ्या राहून शेवउसळवाल्याची गाडी आली का ते बघायचो.

माझं शेवटचं वर्ष सुरू होतं तेव्हा मुंबईहून पत्र आलं. सिस्टरांच्या संघाच्या सगळ्या शाळा ज्यांच्या हाताखाली होत्या त्या मोठ्या मदर पुढच्या महिन्याच्या शेवटी येणार होत्या. जुनी इमारत ठेवायची की पाडून जागा देऊन टाकायची, हे बघून ठरवणार होत्या. सिस्टरनी पत्र जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवलं. इमारत गेली तर वसतिगृह जाणार, आणि सदतीस मुलींना दुसरीकडे जागा शोधावी लागणार, ज्यांतल्या निम्म्या मुलींचे पालक दुसरीकडे पाठवणार नाहीत. हे त्यांनी सांगितलं नाही. आम्हालाच ते माहीत होतं.

इमारत तशी ठीक होती. फक्त प्रार्थनाघराच्या बाहेरच्या भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत ओल होती, गिलाव्याचे पोपडे सुटत होते, आणि पाहुण्यांची नजर पहिल्यांदा तिथेच जाणार होती. सिस्टरनी मगनकाकांना बोलावलं. मगनकाका म्हणजे या इमारतीचे कडिया. आपण गवंडी म्हणतो. त्यांच्या वडिलांनीही इथेच काम केलेलं. ते भिंतीशी उकिडवे बसले, एक पोपडा नखाने काढला आणि जिभेला लावला. हेमल माझ्या कानात म्हणाली, "रतनबेनच्या दाळीपेक्षा बरं लागत असेल."

"खारं," मगनकाका म्हणाले. आयुष्यभर मराठी घरांतून काम केल्यामुळे ते आमच्याशी मराठीच बोलत, त्यांच्या पद्धतीची. "सिस्टर, दोन-अडी महिना द्या. एक महिना चुना खड्ड्यात भिजू दे. मग करतो."

"अडीच महिने कुठून आणू, मगनभाई? मदर पुढच्या महिन्यात येतात."

"चुन्याला उतावळ चालत नाय."

"मग सिमेंट मारून टाकू," मी म्हणाले. मला कुणी विचारलं नव्हतं.

त्यांनी वर बघितलं. "या भिंतीला नाय चालणार, बेन. ही भिंत पाणी पिते. पावसात पिते, उन्हाळ्यात सोडून देते. तुमी सिमेंट लावा, तर प्यायचं चालू आणि सोडायचं बंद."

"सिमेंट लावल्यावर पाणी आत येईलच कसं?"

"पाणी बाहेरून नाय येत. जमिनीतून वर येतं."

"मग खाली वॉटरप्रूफिंगचा थर देऊ. काका, आता सगळं बदललंय. पुस्तकात याची पद्धत दिलेली आहे."

"पुस्तकवाल्याने ही भिंत बघितली?"

"काका, आमची इंजिनियर साहेब आहे ही," हेमल म्हणाली. "वर्गात पहिली येते. तिच्याशी भांडू नका."

मगनकाका हसले नाहीत. सिस्टर पोर्चच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी आधी मगनकाकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सुनंदा," त्या म्हणाल्या, "तुझं काय मत, बाय? नीट विचार करून सांग."

आज मी तो क्षण पुन्हा पुन्हा बघते तेव्हा मला माझ्या आवाजातला आनंद ऐकू येतो. बावीस वर्षांच्या आयुष्यात मला कुणी मत विचारलं नव्हतं. काय झालं, किती मार्क पडले, केव्हा येणार, हे विचारत. मत कुणी विचारत नसे. माझ्या डोळ्यांपुढे आमची न्हाणी होती. मी म्हणाले, "सिमेंटच. पंधरा दिवसांत होईल आणि पन्नास वर्षं टिकेल."

सिस्टर पायरीवरून खाली उतरल्या. मग म्हणाल्या, "मगनभाई, ही शिकलेली मुलगी आहे. आपण हिचं ऐकू या."

मगनकाकांनी थापी आणि ओळंबा पिशवीत ठेवला. रागावलेले दिसले नाहीत. "तुमची निशाळ, तुमची भिंत," ते शाळेकडे हात करून म्हणाले. "पण माझा हात यात नाय चालणार, सिस्टर. दुसरा कोणी बोलवा." फाटकापर्यंत जाऊन ते परत आले आणि रतनबेनकडे पाणी मागून प्यायले. मग गेले.

काम नव्या ठेकेदाराने केलं. मी रोज कॉलेजमधून येऊन प्रमाण तपासायचे, पाणी मारलं का बघायचे. भिंत अशी गुळगुळीत झाली की मदर आल्या तेव्हा त्यांनी तिच्यावरून तळवा फिरवला, आमच्या ओट्यावरून बायका फिरवत तसा. सिस्टरनी मला पुढे बोलावून सांगितलं, "या मुलीने करून घेतलं." इमारत राहिली. त्याच आठवड्यात आबा आले, नागलीचे रोटले आणि लसणाची चटणी घेऊन. मी त्यांना भिंत दाखवली. त्यांनी बोटांची पेरं वाकवून ती ठोकली, डोकं तिरकं करून ऐकलं. "भरीव आहे," म्हणाले. त्या दुपारी ते व्हरांड्यात बसून जेवले आणि जाताना सिस्टरना म्हणाले, "आमच्या घरातलं कुणी एवढ्या मोठ्या जागेला उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं."

दोन पावसाळे गेले. मी पदवीधर झाले, मकरपुऱ्याला एका बांधकाम ठेकेदाराच्या कचेरीत लागले, राहायला मात्र तिथेच होते. भिंत बाहेरून होती तशी गुळगुळीत होती. आतल्या बाजूला, डोक्याच्या वर, पूर्वी जिथे कधीच ओल नव्हती तिथे डाग दिसू लागले. मी ते बघत होते. नुसती बघत होते. मी स्वतःला सांगितलं की कौलं गळत असतील. एका सुटीच्या दिवशी प्रार्थनाघरात कुणी नसताना मी भिंत ठोकून बघितली. कमरेपासून वर सगळीकडे तिचा आवाज पोकळ येत होता. मी कुणाला काही बोलले नाही. त्यानंतर महिनाभराने, गुरुवारी दुपारी, आम्ही सगळ्या दाळढोकळी खात असताना पूर्वेकडून एक आवाज आला, जड पेटी जमिनीवर ठेवावी तसा. प्रार्थनाघरातल्या एका तुळईचं टोक भिंतीतून निसटून वीतभर खाली आलं होतं. बाकांवर, वेदीवर, बाजाच्या पेटीवर लाल धूळ पसरली होती. आत कुणी नव्हतं. तासाभरापूर्वी तिथे बारा मुली गाण्याचा सराव करत होत्या.

मुंबईहून इंजिनियर आले, तासभर फिरले, आणि मदरचं पत्र आलं: इमारत धोकादायक आहे, महिन्याच्या आत कुणी तज्ज्ञाने बाकीचा भाग सुरक्षित असल्याचं कारणांसह लिहून दिलं नाही, तर सगळी उतरवायची.

मी दुसऱ्या दिवशी कामावर गेले नाही. शहरातल्या वाडी भागातलं मगनकाकांचं घर शोधत गेले. ते बाहेर ओट्यावर बसून नातीची वेणी घालत होते. मला बघून त्यांनी वेणी पुरी केली, मग म्हणाले, "तुळई पडली?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोणी नाय सांगितलं. तुमी आलात ना."

मी म्हणाले, "काका, माझं चुकलं." त्यांनी नातीला आत पाठवलं. एवढंच विचारलं, "सिमेंट काढावं लागेल. आठ दिवसाचं काम. छिन्नी धरायला तुमी येणार?"

मी आठ दिवस रजा घेतली. पहिल्या दिवशी हाताला फोड आले, तिसऱ्या दिवशी ते फुटले. सिमेंटचे पापुद्रे उकलत गेले तसं आतलं दिसत गेलं. विटा बिस्किटासारख्या झाल्या होत्या. बोट लावलं की भुगा. भिंत पाणी प्यायली होती आणि तिला ते सोडता आलं नव्हतं, म्हणून ते वर वर चढत तुळयांच्या टोकांपर्यंत पोचलं होतं. मगनकाकांनी मला एकदाही "मी सांगितलं होतं" असं ऐकवलं नाही. ते ऐकवतील म्हणून मी आठही दिवस वाट बघत होते. मग आम्ही दोघं बाकीची इमारत खोलीखोलीने फिरलो. त्यांनी प्रत्येक भिंतीचा तळ खरवडून चाखला, मी ठोकून ऐकलं, आणि दोघांचं जुळलं की वहीत लिहिलं. प्रार्थनाघर वाचणार नव्हतं. बाकी सगळी इमारत, जिथे कुणी सिमेंट लावलं नव्हतं, ती धडधाकट होती.

अहवाल मी लिहिला. पाच पानं. चौथ्या पानावर लिहिलं, की प्रार्थनाघराच्या भिंतीला सिमेंट लावण्याचा सल्ला माझा होता, अनुभवी गवंड्याने विरोध केला होता, आणि ओल चढलेली दिसूनही मी ती कळवली नाही. कागद घेऊन सिस्टरांकडे गेले. पूर्वी वर्ग असलेल्या आपल्या खोलीत त्या खिडकीखालच्या लाकडी पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी पाचही पानं सावकाश वाचली. मग टेबलाच्या खणातून लाल पेन्सिल काढली, वह्या तपासायची, आणि माझ्या सल्ल्याचं वाक्य खोडलं. वर बारीक अक्षरांत लिहिलं: हा निर्णय माझा होता.

"सिस्टर, हे खरं नाही," मी म्हणाले.

"खरं आहे. तू मत दिलंस. ठरवलं मी."

"तुम्ही मगनकाकांना इतकी वर्षं ओळखत होतात. त्यांचं का नाही ऐकलं?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "तीस वर्षं मी याच वर्गात मुलींना सांगत आले, की शिका, तुम्ही शिकलात तर लोक तुमचं ऐकतील. मुली शिकल्या. ऐकलं कुणी? त्या दिवशी तू उभी होतीस, समोर एक पुरुष माणूस नाही म्हणत होता, आणि ऐकणारी मी होते. मला वाटलं, मीच नाही ऐकलं तर कोण ऐकणार? मी भिंतीकडे बघितलंच नाही, बाय. तुझ्याकडे बघत राहिले." मग अहवाल माझ्या हातात देत म्हणाल्या, "ओल दिसली आणि बोलली नाहीस, ते वाक्य मात्र मी ठेवलंय. ते तुझं आहे."

मदरनी अहवाल मान्य केला. प्रार्थनाघर उतरवलं गेलं. निळ्या-पिवळ्या काचा सिस्टरनी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या होत्या, त्यांचं पुढे काय झालं मला माहीत नाही. जिथून तो भाग कापला तिथे इमारतीचं टोक बंद करायला नवी भिंत हवी होती, आणि या वेळी कुणाला घाई नव्हती. मागच्या अंगणात खड्डा खणला. चुना महिनाभर भिजला. मी दर रविवारी सकाळी तो ढवळायला जायचे. मगनकाकांनी गूळ आणि मेथी भिजवून त्यात घालायला मागितली तेव्हा रतनबेन डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "राई, हिंग पण नाखूं?" त्या वर्षात मगनकाकांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. भिंतीच्या शेवटच्या थराला त्यांनी थापी माझ्या हातात दिली आणि मागे उभे राहिले. जिथे चुकलं तिथे काही न बोलता माझं मनगट धरून फिरवलं.

सिस्टर नंतर वसईला परत गेल्या आणि तिथेच वारल्या. मगनकाकाही गेले. मी पुढची सगळी वर्षं जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम केलं. हाताखाली नवीन मुलगी आली की तिचं मत मी विचारते, आणि ते ऐकून झालं की गवंड्याला बोलावून तिच्या शेजारी बसवते.

वसतिगृह अजून चालू आहे. दर पावसाळ्यानंतर मी एकदा तिथे जाते. आताच्या मुलींना मी कोण ते ठाऊक नसतं. कुणीतरी वयस्कर बाई येते, पूर्वेच्या टोकाला जाते, भिंतीशी वाकते, असं त्या बघत असतील. मी गुडघ्याच्या उंचीवर हात लावते. मग कमरेच्या, मग डोक्याच्या वर, जिथवर पोचतो तिथवर. यंदा पाऊस पुष्कळ झाला. भिंत कोरडी होती.